संगीत खुर्चीत आलेला झटका

मला हृदयविकाराचा झटका संगीत खुर्ची खेळताना आला, हे मी नव्या माणसाला चटकन सांगत नाही. ऐकणारा आधी हसतो आणि मग घाईघाईनं तोंड पाडतो.

संक्रांत झाल्यावर मानवतला आमच्या गल्लीतल्या बायकांनी हळदीकुंकू ठेवलं होतं. मी शाळेत शिकवते, तेव्हा सत्तेचाळिसावं चालू होतं, अंगानं वाळकीच. पहिलं बक्षीस इडलीपात्र. खुर्च्या कमी होत होत शेवटी आम्ही दोघीच उरलो: मी आणि समोर राहणारी, कापसाच्या आडत्याची बायको. ती माझ्या दुप्पट आहे, पण वळणावर तिला कुणी धरू शकत नाही. गाणं लावणाऱ्या बाईला आमची गंमत बघायची होती, म्हणून तिनं ते थांबवलंच नाही. आम्ही एका खुर्चीभोवती नुसत्या गरगर फिरत होतो. दहाव्या फेरीला छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं, डावा हात जड पडला. तेवढ्यात गाणं थांबलं आणि मी खुर्चीत कोसळले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला उठताच येईना. बायकांना वाटलं, बक्षीस हातात पडल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. आडत्याची बायको म्हणू लागली की मी गाणं थांबायच्या आधीच टेकले, डाव परत घ्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी येऊन कपाळाला हात लावला.

"डाव राहू द्या," त्या म्हणाल्या. "पोरगी गार पडायलीय."

सासूबाईंना स्वतःला हृदयाचा त्रास. त्यांनी आपल्या पिशवीतली गोळी माझ्या जिभेखाली सरकवली. कळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच. मग आडत्याची जीप आली. परभणीपर्यंत त्याची बायको माझं डोकं मांडीवर घेऊन मागं बसली होती. अर्ध्या वाटेत ती वाकून म्हणाली, "ताई, खुर्ची तुमचीच होती. डोळे तेवढे उघडे ठेवा."

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. झटकाच निघाला. माझा नवरा एसटीत कंडक्टर. तो पालमच्या गाडीवरून तसाच आला, तिकिटाचं मशीन गळ्यात. सासूबाईंनी तोवर माझ्या वतीनं डॉक्टरांपुढं सगळे गुन्हे कबूल केले होते: भजी, तेलात बुडालेला ठेचा, पुन्हा वरून शेंगदाण्याची चटणी.

अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं की नसा साफ आहेत, चरबी कुठंच साचलेली नाही. सासूबाईंचा चेहरा जरा उतरलाच. डॉक्टरांनी समजावलं की हृदयाच्या नसा सहसा स्नायूच्या वरून जातात. माझी एक नस मात्र जन्मापासूनच थोडं अंतर स्नायूच्या खालून गेली आहे. तिच्यावर स्नायूचा पूल आहे म्हणा. हृदय आवळलं की ती दबते. पुष्कळांना असं असतं आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. माझं हृदय फार जोरात धडधडलं आणि रक्त कमी पडलं.

मग त्यांनी विचारलं की कळ आली तेव्हा मी काय करत होते. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. दारातून आडत्याची बायको म्हणाली, "संगीत खुर्ची."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, किती फेऱ्या झाल्या ते विचारलं आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ उभे राहिले. खांदे हलत होते. जिभेखालच्या गोळीनं असल्या पुलाचा दाब उलट वाढू शकतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पिशवी पदराखाली घेतली.

मला हृदयाची चाल संथ ठेवणारी गोळी मिळाली. चालायचं, पण शर्यत लावायची नाही.

घरी भेटायला येणारा प्रत्येक जण ब्लॉकेज किती टक्के ते विचारायचा. काहीच नाही म्हटलं की हिरमुसायचा. पूर्ण्याहून आलेल्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या चुलतसासऱ्यांनी पुलाची लांबी विचारली. आपल्याकडं रेल्वेत पुलावर भार वाढला की गाडी हळू सोडतात, असंही म्हणाले. डॉक्टरांनी हेच पाऊण तास समजावलं होतं. सासूबाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "नस लय चांगली हाय. नुसती दबायलीय."

सहा महिन्यांनी मला दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर चालवून बघितलं. सगळं ठीक निघालं. आता रोज संध्याकाळी मी आणि आडत्याची बायको स्टेशनच्या रस्त्यानं फिरायला जातो. ती बोलते, मी दम राखून ऐकते. परवा एक कुत्रं मागं लागलं. ती पळाली. मी डॉक्टरांचं ऐकून आपल्या चालीनं चालत राहिले. कुत्रं तिच्याच मागं गेलं.