दारात उभे राहणारे काझीसर

बैठक संपत आली की काझीसर सर्वांच्या आधी उठत आणि दारात जाऊन उभे राहत. निरोप देण्यासाठी नव्हे, वाट अडवण्यासाठी. "भायेर टपरीवर जाऊन जे बोलणार, ते इथंच बोलून घ्या. मंग चहा माझ्याकडून." कोणीतरी बोलल्याशिवाय ते दारातून हलत नसत.

नांदेडच्या आमच्या शाळेत ते मुख्याध्यापक म्हणून आले, तेव्हा मी पर्यवेक्षक होतो. तोवरच्या बैठकांत परिपत्रके वाचून दाखवली जात, शिक्षक टेबलाखाली मोबाईल पाहत आणि शेवटी सारे "हो सर" म्हणत. खरी बैठक नंतर फाटकाबाहेरच्या टपरीवर भरे. तिथे प्रत्येकाला मत असे, आणि ते ठाम असे.

काझीसरांनी पहिल्याच आठवड्यात परिपत्रके सूचनाफलकावर लावून टाकली. "वाचता येतंय ना सगळ्याईला? शिक्षक हाव आपण." बैठकीला विषय एकच, आणि तो फळ्यावर प्रश्न म्हणून लिहायचा. मी एकदा 'शिस्त' असे लिहिले. त्यांनी ते पुसून खडू माझ्या हातात परत दिला. "देशपांडे, शिस्तीला वाईट कोण म्हणंल? मधल्या सुट्टीनंतर नववीची पोरं कुठून पळतात, ते लिहा." मी लिहिले. त्या दिवशी आमचे क्रीडाशिक्षक बैठकीत प्रथमच बोलले. पोरे त्यांच्याच मैदानाच्या भिंतीवरून पळत होती.

आणखी एक नियम होता. सर्वांत नवा शिक्षक आधी बोलेल, मुख्याध्यापक सर्वांत शेवटी. "मी आधी बोललो की तुमी माझंच बोलणं मला परत करता. ते मला ठाऊकच असतंय."

हा नियम त्यांनी स्वतः एकदाच मोडला.

आमच्या संस्थेची मुलींची एक लहान शाळा भोकरला आहे. तिचा कारभारही काझीसरांकडेच होता. तिथे प्रयोगशाळा नव्हती, शिक्षक कमी होते आणि सुरेखा वाघमारे नावाच्या बाई एकट्याच तीन विषय शिकवत. आठवी ते दहावीच्या मुलींना बसने नांदेडला आणावे, त्यांना चांगले शिक्षण मिळेल, असे काझीसरांच्या मनाने घेतले. संस्थेच्या अध्यक्षांना ते सोयीचे होते. भोकरच्या जागेवर मंगल कार्यालय उभारण्याचा त्यांचा बेत होता. काझीसरांची निवृत्ती जवळ आली होती. हे काम झाले तर निवृत्तीनंतर संचालकपद तुमचेच, असे अध्यक्षांनी त्यांना माझ्यासमोर सांगितले.

हा प्रस्ताव मांडायच्या बैठकीला वाघमारेबाईही भोकरहून आल्या होत्या. त्या बैठकीत काझीसर उत्साहाने आधी बोलले, आणि बराच वेळ बोलले. मग सर्वांनी माना हलवल्या. मीही हलवली. सवयीने ते दारात जाऊन उभे राहिले. "सगळे मान हलवून राहिलेत, बोलून कोणीच राहिलं न्हाई. वाघमारेबाई, तुमी भायेर काय बोलणार?"

बाई उठल्या. "सर, भायेर मी म्हणणार होते की पोरी नांदेडला येणार न्हाईत. घरी बसतील. मग लग्नं."

"हे आधी का न्हाई बोललात?"

"प्रस्ताव तुमचा होता, सर."

काझीसरांनी एकेकाकडे पाहिले. बाईंचे म्हणणे कोणीही खोडून काढले नाही. सर्वांना ते आधीच पटलेले होते. काझीसर परत जागेवर येऊन बसले आणि म्हणाले, "देशपांडे, फळा पुसा. भोकरची शाळा भोकरलाच कशी टिकंल, ते लिहा."

अध्यक्षांनी ते काझीसरांकडून ऐकून घेतले आणि अट घातली. जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला तर शाळा राहील, नाहीतर कुलूप. संचालकपदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काझीसरांनीही नाही.

मे महिन्याच्या उन्हात ते रोज एसटीने भोकरला जाऊ लागले. वाघमारेबाईंना घेऊन आसपासच्या गावांत घरोघरी फिरत. काही वेळा मीही बरोबर असे. एका घरी मुलीचा बाप नम्रपणे म्हणाला, "हाव सर, पाठवतो की."

काझीसर जागचे उठले नाहीत. "मला वाटं लावायला हाव म्हणू नका, दादा. मी गेल्यावर घरच्यांना काय सांगणार, ते मला सांगा."

बापाने पोरीला आत पाठवले. मग म्हणाला, "शाळंत पोरींच्या संडासाला पाणी न्हाई. दिवसभर लेकरानं काय करावं?"

त्याच आठवड्यात शाळेच्या गच्चीवर टाकी बसली आणि नळ आला. ही गोष्ट गावोगाव गेली. मुलींची नावे येऊ लागली.

मेअखेर काझीसर निवृत्त झाले. जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला. अध्यक्षांनी शब्द पाळला. भोकरचा कारभार वाघमारेबाईंकडे आला आणि त्यांनी पहिली बैठक बोलावली. मी काझीसरांसोबत गेलो होतो. ते व्हरांड्यातच उभे राहिले.

"सर, आत चला. खुर्ची ठेवलीय."

"न्हाई बाई. मी आत बसलो की समदे माझ्याकडं बघून बोलतील."

"मागं बसा मग. काही चुकलं तर सांगा."

"चुकलं तर तुमचे शिक्षक सांगतील. तुमी त्यांना बोलू द्या."

ते बसस्थानकाकडे निघाले. मी सोबत गेलो. वाटेत त्यांनी मला दोनदा बैठकीकडे परत पाठवण्याचा प्रयत्न केला.

पुढे ते लातूरला मुलीकडे राहायला गेले आणि हिवाळ्यात वारले. दफनाला मी गेलो होतो. वाघमारेबाई दिसल्या नाहीत. त्या दिवशी भोकरला पालकांची बैठक ठरली होती. विज्ञानाचा शिक्षक मिळावा म्हणून त्यांना एकत्र बोलावले होते, आणि दूरच्या गावांहून माणसे यायची होती. बाईंनी बैठक पुढे ढकलली नाही. काही जणांनी तेथे नापसंती बोलून दाखवली.

मला बाईंचे वागणे योग्य वाटले. ते मी तिथेच, सर्वांसमोर सांगितले.