ढब्बीचं पोट आणि माझं डोकं

माणसाने हातात चमचा घेऊन कोंबडीच्या मागे फिरू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. हे मत बनायला एक आठवडा लागला.

आम्ही खडकीत राहतो. बैठं घर, मागे दोन खाटा मावतील एवढं परसू. माझी बायको सुनंदा वर्ध्याकडची. कोंबड्यांशिवाय घर म्हणजे तिच्या मते लॉज! म्हणून लोणी काळभोरला दिलेल्या तिच्या बहिणीने आम्हाला पाच कोंबड्या दिल्या. त्यांतली ढब्बी सुनंदाची विशेष लाडकी. ती हाक मारल्यावर येते. (मी हाक मारल्यावर घरात कोणीच येत नाही, पण तो विषय वेगळा.)

एप्रिलमध्ये एके सकाळी ढब्बी कोपऱ्यात अंग फुगवून बसली. पंख पडलेले, तुरा फिका. दाणे टाकले तर नुसती बघत राहिली. आणि तिच्या खाली लाल शिट!

"अहो, रक्त पडून राहिलं!" सुनंदा घाबरून ओरडली.

मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कोणतीही वस्तू आधी नीट तपासायची, मग शेरा मारायचा, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. मी खाली वाकलो, निरखून पाहिलं आणि शेरा मारला.

"बीट आहे."

"काय?"

"परवा मीच मंडईतून बीट आणलं होतं. सालं यांना घातली. रंग उतरला. बीट खाल्लं की माणसालासुद्धा होतं असं."

"माणूस बीट खाऊन असा पंख पाडून बसते का?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी ऐकला नाही. मोबाइलवर एका गृहस्थांचा व्हिडिओ सापडला. त्यांनी लसूण, हळद आणि ओवा सांगितला होता. मी तिन्ही वाटून गोळ्या केल्या. ढब्बीने एक गोळी तोंडात घेतली आणि माझ्या चष्म्यावर थुंकली. बाकीच्या चौघींनी मात्र उरलेल्या गोळ्या फस्त केल्या. दिवसभर परसाला फोडणीचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी आणखी एक कोंबडी फुगून बसली.

"कोंबड्या मरून राहिल्या अन् तुम्ही बीट बीट करून राहिले!" सुनंदाचा आवाज चिरका झाला होता. मग ती ढब्बीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि पदराने वारा घालू लागली. ते पाहून मला खरी भीती वाटली. मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताजी शिट डबीत घालून आणा. आजारी कोंबडीही आणा. आणि घरचे उपाय आजपासून बंद."

ताजी! म्हणजे वाट पाहणं आलं. मी आइस्क्रीमचा लाकडी चमचा आणि एक रिकामी डबी घेऊन कोंबड्यांच्या मागे निघालो. एरवी दर पाच मिनिटांनी अंगण रंगवणाऱ्या या बायका आज एकदम सोवळ्यात! मी थांबलो की त्या थांबत, मी वाकलो की पळत. कुंपणापलीकडून शेजारचे दामले काका पेपर बाजूला ठेवून पाहत होते. ते मूळचे पेठेतले.

"काय, भरवताय का?"

"नाही काका, गोळा करतोय."

"असं होय. चालू द्या," ते म्हणाले आणि काकूंनाही बघायला बोलावलं.

तासाभराने मी विजयी होऊन दवाखान्यात पोहोचलो. काखेत पिशवी, पिशवीतून ढब्बीची मान बाहेर. रांगेत एक पांढरा पॉमेरियन होता. त्याने ढब्बीकडे पाहिलं, ढब्बीने त्याच्याकडे. दोन दिवस मान न उचलणारी माझी कोंबडी अशी काही कडाडली, की पॉमेरियन मालकिणीच्या पर्समध्ये शिरला!

"हा नमुना कोणत्या कोंबडीचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाचही जणींचा एकत्र आहे. म्हटलं सरासरी निघेल."

"चुकून बरोबर केलंत," त्या म्हणाल्या आणि काचेवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "रक्ती हगवण. आतड्यातले परजीवी आहेत. पाहायचेत?"

पाहायचेत म्हणजे काय! मी डोळा लावला. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे इवले इवले गोल, प्रत्येकाला नीटस कड. एवढ्याशा जिवांनी माझी एवढी कोंबडी लोळवली? मी एक पाहिला, दुसरा पाहिला, काच जरा डावीकडे सरकवली.

"यांना पोटात कळतं कसं हो, कुठे चिकटायचं ते?"

"तुम्ही उठलात तर सांगते. मागे नऊ जण उभे आहेत."

मग त्यांनी विचारलं, "खुराड्यात खाली काय घालता?"

"भाताचं तूस."

"कोरडं असतं?"

इथे माझी छाती फुगली. "छे! या उन्हात? मी रोज सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडतो. गारवा राहतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोंबडीच्या शिटेतून हे बाहेर पडतात. ओलं आणि उबदार तूस मिळालं की तिथे तयार होतात. कोंबड्या तेच टोचतात आणि परत पोटात घेतात. तुम्ही त्यांची शेती करत होतात. तीही बागायती."

औषधाची पूड पाण्यात मिसळून पाच दिवस पाचही जणींना द्यायची, दुसरं पाणी दिसूही द्यायचं नाही, जुनं तूस काढून टाकायचं आणि चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसापर्यंत अंडी खायची नाहीत, असा हुकूम घेऊन मी परतलो. सुनंदाला झारीचं सांगितलं. तिने फक्त झारी उचलली आणि माळ्यावर टाकली.

औषधाच्या पाण्याला कोंबड्या नाक मुरडत. एक दामले काकांच्या कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी प्यायली, दुसरी नळाची गळती टिपू लागली. मी रजा टाकून पहाऱ्याला बसलो. नळाला फडकं बांधलं, ताटली काकांकडून मागून घेतली. दुपारी दोनला घसा असा सुकला, की ओट्यावरचा तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.

"त्यात औषध कालवलं होतं!" सुनंदा दारातूनच किंचाळली.

मी लगेच दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, मी कोंबड्यांचं पाणी प्यायलो!"

"किती?"

"तांब्याभर."

"मग कोंबड्यांना काय दिलंत?"

पुढे त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पुडीचं नाव घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मी माणसं तपासत नाही." आमचे डॉक्टर पुडी वाचून बराच वेळ खोकत होते. (तो खोकला नव्हता.) मला काहीही झालं नाही.

ढब्बीने चौथ्या दिवशी दाणे टिपले. सुनंदाने तिला उचलून गालाला लावलं आणि डोळे पुसले. मीही पुसले, चष्मा खराब झाला होता म्हणून.

पुन्हा असं होऊ नये म्हणून सुनंदाने पुठ्ठ्यावर नियम लिहून खुराड्याच्या दाराला टांगले. तूस कोरडं ठेवावं. ओलं झाल्यास लगेच बदलावं. पाण्याचं भांडं उंचावर ठेवावं. नवी कोंबडी आणल्यास काही दिवस वेगळी ठेवावी.

आणि शेवटी, लाल शाईने : ह्यांना आत सोडू नये.