मेथीच्या जुड्या आणि भुताची मालिका

बाळंतपणाला वाशीमला माहेरी आले होते, तेव्हा रोज संध्याकाळी मी भुताची एक मालिका बघत असे. ती एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेली होती आणि शेजारच्या काकांनी ती कादंबरी वाचलेली होती, हे माझं दुर्दैव. मळ्यातली मेथी घेऊन ते आमच्याकडे येत आणि टीव्हीसमोर बसून बाजारासाठी जुड्या बांधत. नजर पडद्यावर, हात मेथीत आणि तोंड गोष्टीच्या चार पावलं पुढे.

"आता दार उघडन. मांगं सासू उभी हाये, पण थे कवाचीच मरेल हाये."

दार उघडायचं, सासू दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

"काका, सांगू नका नं."

"आधी सांगतलं का दचका बसत नाही, पोरी. पोटुशीनं दचकू नाही."

शेवटच्या भागात नायिका बाळंत झाली. मी विचारलंही नव्हतं, तरी ते म्हणाले, "लेकरू जगते." नायिका पाळण्याकडे निघाली, तशी हातातली अर्धी जुडी टाकून ते उठले आणि टीव्हीची पिनच काढली. "वायर ढिला झाला वाट्टे."

मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

मुलगी झाल्यावर वाचनालयातून ती कादंबरी आणवली. शेवटच्या पानावर पाळणा रिकामा आहे.

काल काका आले आणि पुस्तक पाहून दारातच थबकले. "वाचलं का?"

"नाही. शेवट तर तुम्हीच सांगितला होता."

"मंग कायले वाचतं," असं म्हणून ते निवांत बसले आणि नव्या मालिकेतला खुनी कोण, ते सांगून टाकलं.