पावडरच्या डब्यातलं माप

दसऱ्यानंतरचा दुसरा शुक्रवार, चिखली. हजर: बाबा, खाटेवर. आई, त्यांच्या पायथ्याशी. धाकटा भाऊ, दुकानातून जेवायला आलेला. भावजय, शिलाई मशीनवर. त्यांची मुलगी, वय सव्वातीन. आणि मी, सकाळच्या गाडीने शेगावहून आलेली. शिवाय पावडरचा एक रिकामा डबा. त्याचीही हजेरी लावावी लागते, कारण त्या दिवशी बाबा बोलले ते फक्त त्याच्याशी.

मी शेगावात एका लॉजचं काम बघते. गुरुवारी खोल्या भरलेल्या असतात, म्हणून माझी सुट्टी शुक्रवारी. चादरी, गिझर, पाण्याचा टँकर, धोब्याचा हिशोब, सगळं कागदावर लिहून ठेवलं की माझ्या हातून चुकत नाही. भर पावसाळ्यात बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, तेव्हाही मी पहिल्यांदा कागदच केला. कोणती गोळी कधी, कुशीवर कधी वळवायचं, पाठीला पावडर कधी लावायची. तो खाटेच्या डोक्याशी भिंतीवर चिकटवला. आई त्याच्याकडे ढुंकून पाहत नसे.

"मले माह्या नवऱ्याचं टाइमटेबल शिकवू नको," ती म्हणायची. "हे काय तुह्या लॉजचं गिऱ्हाईक हाये का?"

पण सगळं वेळेवर होत होतं. न होणारी गोष्ट एकच होती. बाबांपाशी एकच शब्द उरला होता, "हाव", म्हणजे हो. चहा घेता का? हाव. नको का? हाव. सुरुवातीला आम्ही हसलोसुद्धा. भाऊ म्हणाला, "जलमभर आपल्या कोन्या गोष्टीले हाव म्हनलं नाई या मानसानं. आता सगळ्याले मंजुरी देऊन राह्यले." आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती.

मग एकदा ते सारखे कण्हायला लागले. दुखते का? हाव. पोटात? हाव. डोक्यात? हाव. पायात? हाव. आम्ही पोटाला हिंग लावला, कपाळाला बाम लावला, पाय दाबले. ताप चढून थंडी वाजायला लागली तेव्हा दवाखान्यात नेलं. लघवीच्या जागी जंतू झाले होते, बरेच वाढले होते. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय पाहत होते? आम्ही पाहतच होतो, पण हे त्यांना कसं सांगणार.

त्या दिवशी परत येताना रिक्षात आई म्हणाली, "उद्या यायच्या छातीत दुखलं तरी हे हाव म्हनतीन, आन् आपन चहा देत बसू."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एवढं एकच काम होतं. कुठं दुखतं ते बाबांना सांगता आलं पाहिजे. बाकी नाही बोलले तरी चालेल.

डबा आला तो नातीसाठी. दुधात घालायची चॉकलेटी पावडर, पोरगी त्याशिवाय दुधाला तोंड लावत नाही. हल्ली त्या डब्यांचंच खेळणं होतं. याच्या झाकणाखाली दुसरं झाकण होतं, त्याला चार भोकं: गोल, चौकोनी, तिकोनी आणि चांदणी. डब्याचं बूड फिरवलं की खालच्या खणातून त्याच आकारांचे चार तुकडे निघत. वरती लिहिलेलं, 'पावडर संपली? आता माझ्याशी खेळ.' आणि बारीक अक्षरात, दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी. भावजयीला डबा आवडला होता. फेकायला लागत नाही, म्हणाली.

पोरगी डबा घेऊन आजोबांच्या खाटेवर चढून बसायची. एका दुपारी तिने गोल तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला आणि हुकूम सोडला, "आजोबा, टाका." त्यांनी भोक शोधलं, तुकडा आत टाकला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "लाभ."

मग "दोन". "तीन". चांदणीला वेळ लागला, पण "चार" पण म्हणाले.

भावाने मला फोन केला तेव्हा मी रिसेप्शनवर होते. त्याने नुसता फोन खाटेजवळ धरला. लाभ, दोन, तीन, चार. मागून आईचं रडणं. समोर जालन्याचं एक कुटुंब खोलीच्या किल्लीसाठी उभं होतं, त्यांना मी दोनदा एकच किल्ली दिली.

बाबा चिखलीच्या धान्य बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचा माल मोजायचा आणि मोठ्याने आकडा म्हणायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तोंडातून पहिला शब्द शुभ निघावा म्हणून. तर झटक्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला दुसरा शब्द हा होता. घरात पेढे आले. शेजारणींना दाखवायला आईने ते पुन्हा करवून घेतलं.

अकोल्याला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी फोन केला. त्या फार हरखल्या नाहीत. म्हणाल्या, "मोजणं राहतं हो. शिव्या राहतात, आरत्या राहतात. पाठ झालेलं असतं ते वेगळ्या कप्प्यात असतं. मोजणं म्हणजे बोलणं नव्हे." मग म्हणाल्या, "पण त्यांना ती वस्तू आवडते ना? मग तिच्यावर चित्रं लावा. जे हवं त्याचं चित्र त्यांनी तुमच्या हातात द्यायचं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. उशीर करू नका."

मला करायला काम मिळालं. गोलावर पाण्याचा ग्लास, चौकोनावर संडासाचं दार, तिकोनावर जेवणाचं ताट. चांदणीवर दुखणाऱ्या माणसाचं तोंड, ते भावजयीने काढलं. चित्रं चिकटटेपने पक्की केली. दसऱ्यानंतरच्या त्या दुसऱ्या शुक्रवारी हा धडा होता, म्हणून सगळे हजर होते.

मी बाबांसमोर बसले. चांदणी हातात दिली. "बाबा, दुखलं की हे मले द्यायचं. मले. डब्यात नाई."

ते चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. मग तुकडा डब्यात टाकला. "लाभ."

"त्याहीले वाटते हे तोंड बाजारातल्या व्यापाऱ्याचं हाये," भाऊ म्हणाला. "म्हनून आत टाकून राह्यले."

"आत्या, आजोबा पहिले गोल टाकते," पोरगी म्हणाली. "तू चुकवून राह्यली."

पुन्हा केलं. मी हात पुढे धरून ठेवला, झाकण माझ्या तळहाताने झाकलं. बाबांनी माझा हात बाजूला सारला आणि तुकडा टाकला. मी विचारलं, "पानी पाहिजे का?" पुढचा तुकडा टाकत ते म्हणाले, "दोन." मी विचारलं, "कुठं दुखते का?" त्यांनी डावा पंजा माझ्यासमोर उभा धरला आणि म्हणाले, "तीन. तीन. तीन."

भावाला वाटलं, चिडले. भावजय म्हणाली, थकले असतील, ताई, राहू द्या. मी पंज्याकडे पाहत राहिले. हा पंजा मी आधी पाहिला होता.

मी चौथीत असेन. भाऊ झाडावरून पडला, हाताचं हाड मोडलं, आणि आईने मला बाजारात बाबांना बोलवायला पिटाळलं. ते तुरीच्या ढिगाशी माप भरत होते. मी ओरडून सांगितलं. त्यांनी डावा पंजा उभा केला आणि चालू आकडा म्हणत राहिले, तोच तोच आकडा, पुढचं माप भरेपर्यंत. मधे बोललं की आकडा जातो, आणि आकडा गेला तर शेतकऱ्याचा माल जातो. पूर्ण ढीग मोजून झाल्यावर ते उठले आणि मग धावत सुटले, माझ्याही पुढे.

आई खाटेच्या पायथ्याशी बसून हे सगळं पाहत होती. ती म्हणाली, "काऊन इचारते वो मंधात? माप चालू असताना तुह्या बापानं कोनाले ओ देल्ली कधी?"

मग ती उठली, पांघरूण बाजूला केलं, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं. चादर ओली होती. बरीच आधी ओली झालेली होती. संडासाच्या दाराचं चित्र डब्यात, बाकीच्या चित्रांबरोबर पडलेलं होतं.

म्हणजे असं झालं होतं. बोलावं म्हणून आम्ही त्यांना जे दिलं, तेच न बोलण्याचं काम होतं. आम्ही पेढे वाटले, शेजाऱ्यांना दाखवलं, दिवसभर डबा मांडीशी ठेवला, आणि दिवसभर ते कामावर होते. चार झाले की स्वतःच डबा उलटा करत आणि पुन्हा लाभपासून सुरू. बाजारात ढीग तरी संपायचा. हा ढीग संपणारा नव्हता. त्या पंज्याचा अर्थ थांबा असा होता, आणि थांबून उपयोग नव्हता.

अकोल्याच्या बाईंना पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, मग डबा काढून घ्या. दिवसातून थोडा वेळ द्या, बाकी वेळ बोला.

काढून घेतला. मी तिथेच राहिले, लॉजवर दुसऱ्याला बसवलं. बाबांनी आधी पांघरुणावर हात फिरवून पाहिलं. मग उशीखाली. मग डावा हात खाटेखाली सोडून चाचपडत राहिले, खाटेवरून अर्धे बाहेर आले तेव्हा भावाने सावरलं. त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी विचारलं, पानी? काही नाही. दुखते? काही नाही. तो "हाव"सुद्धा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई उठली, माळ्यावरून डबा काढला आणि त्यांच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाभ," बाबा म्हणाले.

भाऊ मला म्हणाला, "राहू दे ताई. घरात आवाज तरी येते त्यायचा."

त्याचं खोटं नव्हतं. माझंही खोटं नव्हतं. थंडी सुरू झाली तसे ते पुन्हा कण्हायला लागले, मोजता मोजता, दोन आणि तीनच्या मधे. दवाखान्यात नेऊन तपासलं, काही निघालं नाही. काही नव्हतं की सापडलं नाही, ते कळायला मार्ग नाही. आता आई रोज सकाळी त्यांचं अंग बोटांनी दाबून पाहते, डोक्यापासून तळव्यापर्यंत, आणि चेहऱ्याकडे बघत राहते, कुठे आठी पडते का. मी विचारलं, काही कळतं का? म्हणाली, "कायचं कळते. दाबलं तरी मोजूनच राह्यले."

मध्यंतरी तिकोनी तुकडा पायाखाली येऊन फुटला. बाबा तीनपर्यंत येत आणि चौथा शोधत राहत, आम्हाला बघवेना. वेगळा तुकडा मिळत नाही, म्हणून भावाने अख्खा नवा डबा आणला. पावडर स्टीलच्या डब्यात ओतली. पोरगी आता तिला तोंड लावत नाही, मोठी झाली म्हणते, तेव्हा ती पावडर बाबांच्याच दुधात जाते. भावजय म्हणाली, कंपनीला फोन करून सांगावं का, वय वर्षं पंचाहत्तर पण लिहा म्हणून. आम्ही हसलो. आई हसली नाही.

शेवटी मी एक मधला मार्ग काढला. सकाळचा चहा झाला की तासभर डबा द्यायचा नाही. त्या तासात विचारायचं, अंगाला हात लावून, एकेका जागेचं नाव घेऊन. मग दिवसभर मोजू देत. भिंतीवरच्या कागदात तशी ओळ घातली. पुढच्या शुक्रवारी आले तर डबा पहाटेपासून खाटेवर. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. आईला म्हटलं, अगं तासभर तरी. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू हाये ना आज इथं. तूच उचल."

चहा झाल्यावर मी खाटेजवळ गेले. बाबांची दाढी झालेली होती, केस विंचरलेले. माझ्याकडे पाहून ते हसले, डाव्या बाजूने. पूर्वी मी आले की "आली का माय?" म्हणायचे. मी दोन्ही हात डब्याला लावले. त्यांनी हातातला तुकडा पांघरुणावर ठेवला, पंजा उभा केला, आणि मी ढीग संपायची वाट बघत असल्यासारखी खाटेच्या कडेला बसले. एकदा चार झाले, डबा उलटा झाला, पुन्हा लाभ. तेवढ्यात उचलता आला असता. पुन्हा चार झाले, तेव्हाही.

दुपारी खामगावची गाडी होती, तिथून पुढे शेगाव. भावजयीने डबा बांधून दिला तो भाजी-भाकरीचा. तो पिशवीत टाकला, आईच्या पाया पडले, बाबांच्या पायांना हात लावला. खाटेवरचा डबा उचलायचा राहिला आहे. पुढच्या शुक्रवारी, चहा झाल्याबरोबर.