वाढत्या अंगाचं जॅकेट

ऑगस्ट संपत आला की कतारमधली म्हातारी माणसं पहाटे दक्षिणेकडे बघायला लागतात. सुहैल नावाचा तारा दिसला की उन्हाळा हरला, असं इथे मानतात. तापमापकाला ही बातमी पोचायला पुढे महिना-दीड महिना लागतो, पण म्हाताऱ्यांना तेवढा तारा पुरतो. हा सुहैल म्हणजे आपला अगस्ती, हे मला इथे अकरा वर्षं काढल्यावर कळलं. तेव्हापासून मीही अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटच्या गच्चीवर जाऊन पहाटे त्याला शोधतो. दमट हवेत तो ओला दिसतो, आणि खाली पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवरून दव ओघळत असतं.

मी मूळचा नाशिकचा. हमद पोर्टच्या रस्त्यावर एका कोल्ड स्टोरेजमध्ये थंडी सांभाळतो. बाहेर शेहेचाळीस असताना आत सफरचंदांना एक आणि बटाट्यांना चार अंश लागतात, ते चुकू नये यासाठी मला पगार मिळतो. कोल्ड स्टोरेजचे मालक ऐंशीच्या उंबरठ्यावरचे कतारी गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना अर्बाब म्हणतो, म्हणजे मालकच. तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून ते हिंदी शिकले आणि माझ्याशी त्याच हिंदीत बोलतात. इथे मी ते मराठीत लिहितोय, त्यांचा सूर जमेल तितका राखून.

अगस्ती कळला त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, ते एकटेच होते. एकटे म्हणजे ते आणि त्यांचा ससाणा. ससाणा म्हणायचा, पण होती मादी. डोळ्यांवर चामड्याची टोपी घालून ती आपल्या खुंट्यावर बसली होती. तिचा स्वतःचा पासपोर्ट आहे आणि त्यावर माझ्या पासपोर्टपेक्षा जास्त शिक्के आहेत.

"तुला थंडीतलं कळतं," अर्बाब म्हणाले. "मला एक जॅकेट आण. पाणी आत येणार नाही असं."

मग सगळा प्रकार कळला. दरवर्षी शरद लागला की ते तिला घेऊन कझाकस्तानकडच्या माळरानावर शिकारीला जात. मागच्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि वीस दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. यंदा मुलगा जाऊ देईना. तिकडे पाऊस लागतो, वारा लागतो, तुमच्या छातीला ओल सोसायची नाही, असं त्याचं म्हणणं. बापलेकांची बरीच घासाघीस झाली. शेवटी मुलगा म्हणाला, आधी तसं जॅकेट आणा, माझ्यासमोर घालून दाखवा, मग बघू. हे 'बघू' कुठल्याही भाषेत सारखंच असतं. म्हणणाऱ्याला नाही म्हणवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"पुढच्या वर्षी जा ना," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी कोण?" ते म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की मला एकदम भीती वाटली. जॅकेट मी आणणार हे मी तिथेच ठरवून टाकलं.

शिकारीशी आमच्या घराचा सात पिढ्यांत संबंध नाही. आमच्याकडे झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात. पण मला जॅकेट घ्यायचं होतं, पक्षी मारायचा नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली. बायको म्हणाली, "अहो, त्यांच्याकडे इतकी माणसं आहेत, तुम्हीच का?" मग भाकरी उलटता उलटता स्वतःच पुढे म्हणाली, "घ्याल ते एक नंबर मोठं घ्या. आत स्वेटर घालतील."

पहिलं जॅकेट मॉलमधून आणलं, चांगलं भगभगीत केशरी. सह्याद्रीत ट्रेकला जाताना आम्ही तसेच विंडचीटर घालायचो, म्हणजे कुणी धुक्यात चुकला तर लांबून दिसावा. अर्बाब पोट धरून हसले. म्हणाले, "हे घालून मी शिकारी नाही दिसणार, रस्ता खोदणारा दिसेन. पक्षी मला कझाकस्तानात बघेल आणि चीनमध्ये जाऊन बसेल." दुसरं मातकट रंगाचं आणलं. रंग पास झाला. मग मी मनगटाचा पट्टा सैल करून दाखवावा म्हणून व्हेलक्रो ओढला. त्या फर्रर्र आवाजाने खुंट्यावरची ससाणी उडाली, पायातल्या दोरीने अडकली आणि उलटी लटकून पंख आपटायला लागली. अर्बाब उठले, एक हात तिच्या पाठीखाली घालून त्यांनी तिला हळूच पुन्हा बसवलं आणि बराच वेळ तिच्याशी काहीतरी पुटपुटत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खलास. हे नको." त्यानंतर दोन-तीन दिवस मी माझ्या बॅगेची चेनही जपून उघडत होतो.

तिसरं मिळालं ते सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, ससाण्यांच्या गल्लीत. दुकान एवढंसं, दुकानदार केरळचा. त्याने एक जॅकेट काढलं आणि बाही बाहीवर घासली. आवाज नाही. रंग सुकल्या गवताचा. आतून प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली, म्हणजे सुईच्या भोकातूनही पाणी जायला नको. हातमोज्यावरून ओढता येईल अशी रुंद बाही आणि व्हेलक्रोऐवजी साधी बटणं. त्याने नंबर विचारला. मी डोळ्यांपुढे अर्बाबना आणलं, एक नंबर वाढवला आणि सांगितला.

घरी आल्यावर ते घालून मी शॉवरखाली उभा राहिलो. सप्टेंबरमध्ये इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कढत असतं. गार पाण्याच्या नळालाही तेच. मुलगी दारात येऊन म्हणाली, "बाबा, व्हॉट आर यू डुइंग?" मी म्हटलं, "पाऊस बघतोय." ती दार ओढून घेऊन निघून गेली. दहा मिनिटांनी बाहेर आलो तर आतला शर्ट पिळून काढण्यासारखा. पाण्याने की घामाने, ते सांगता येईना.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते कोल्ड स्टोरेजमध्ये नेलं. माल उतरवायच्या जागी पोऱ्यासारखा उभा राहिलो आणि एकाला अंगावर पाइप धरायला सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने मनापासून पाणी मारलं. तसाच निथळत मी सफरचंदांच्या खोलीत गेलो आणि मोठे पंखे सुरू असलेल्या बाजूला उभा राहिलो. छाती कोरडी होती. पाठ कोरडी होती. मी डोळे मिटले.

त्या खोलीत दार लागलं की कतार उरत नाही. पंख्यांचा वारा एकसारखा येतो, खोक्यांमधून सफरचंदांचा गोडसर वास येतो, आणि तो कुठल्या देशाचा शरद ऋतू आहे हे खोक्यावर छापलेलं असलं तरी डोळे मिटल्यावर वाचायचं नसतं. मला माळ दिसला. गुडघाभर गवत, त्यावर तिरका बारीक पाऊस, आणि त्यातून अर्बाब पुढे चाललेले. सहा फूट उंच, भरलेले खांदे, डाव्या हातावर ससाणी. जॅकेट त्यांच्या पाठीवर घट्ट बसलेलं. मी मागून चाललो होतो आणि मला अजिबात थंडी वाजत नव्हती. कितीतरी वेळ मी तिथे होतो. बाहेर आलो तेव्हा चष्म्यावर वाफ धरली आणि थोडा वेळ काहीच दिसेना.

त्या संध्याकाळी मजलिसमध्ये मुलगा हजर होता. पन्नाशीचा, गंभीर, हातात फोन. अर्बाब उभे राहिले आणि मी त्यांच्या अंगात जॅकेट चढवलं.

खांद्याची शिवण दंडावर उतरली. हात बाह्यांमध्ये नाहीसे झाले. कॉलरमधून मान बाहेर आली ती केवढीशी. ढगळ पांढऱ्या थोबमध्ये, म्हणजे इथल्या पायघोळ अंगरख्यात, माणूस किती उरलाय ते दिसत नाही, त्या जॅकेटने ते सगळ्यांना दाखवलं. मुलगा बापाला रोज बघत होता, पण त्या क्षणी त्याने ते पहिल्यांदा बघितलं असावं. त्याने फोन उपडा ठेवला. आता तो नाही म्हणणार, हे मला कळलं, आणि ते माझ्यामुळे होणार हेही.

मी दुकानात ज्यांना डोळ्यांपुढे आणलं ते अकरा वर्षांपूर्वीचे अर्बाब होते. पहिल्या दिवशी मला बटाट्याचं पोतं एका हाताने सरकवून दाखवणारे. परदेशात राहणाऱ्यांची ही खोड आहे. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या कपाटात मी दर सुट्टीत नेलेले बेचाळीस नंबरचे शर्ट निघाले. शेवटचे चार तर पाकिटातून काढलेलेही नव्हते. वडील आक्रसत गेले होते आणि मी बेचाळीसच नेत होतो. फोनवर दरवेळी "बसला ना?" विचारायचो. "मस्त बसला," असं ते सांगायचे. ही लाज मला अजून वाटते, आणि त्या मजलिसमध्ये ती पुन्हा तशीच्या तशी वाटली.

"उद्या बदलून आणतो," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"इतकं मोठं का आणलंस?" अर्बाबनी विचारलं. रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मला खोटं सुचेना. मी सांगितलं की आमच्याकडे कपडे असेच घेतात. शाळेचा शर्ट, स्वेटर, चप्पल, सगळं वाढत्या अंगाचं. माझ्या पाचवीच्या शर्टाच्या बाह्या माझ्या कोपराखाली यायच्या आणि तो मला सातवीत नीट बसला. मोठं होणार हे घरच्यांनी धरूनच चाललेलं असायचं.

मुलगा माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होता. अर्बाब मात्र ऐकत होते. "म्हणजे मी अजून वाढणार आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ते खुंट्याकडे गेले. बाही मागे सारून डाव्या हातात मोजा घातला आणि ससाणीला हातावर घेतलं. कापड तिच्या पंखाला घासलं, पण तिने हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी जॅकेटची एक बाजू ओढली आणि हातासकट तिला आत घेतलं. बटणं लावली. फक्त तिचं टोपी घातलेलं डोकं गळ्यापाशी बाहेर राहिलं, आणि जॅकेट भरलं.

"पाऊस आला की ही भिजते. दरवर्षी भिजते," ते मुलाला म्हणाले. "यंदा दोघांना जागा आहे."

मुलगा उठून खिडकीपाशी गेला. वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "दहा दिवस," तो म्हणाला. "मी बरोबर येणार. अकरावा दिवस नाही."

"यल्ला, चला," अर्बाब म्हणाले, जणू गाडी दाराशीच उभी होती.

दहा दिवसांत माझ्या फोनवर एकच फोटो आला. गवत, करडं आभाळ, आणि घडीच्या खुर्चीत बसलेले अर्बाब. गळ्यापाशी दोन डोकी, दोन्ही कोरडी. शिकार मिळाली की नाही हे मी विचारलं नाही. फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं, एक नंबर मोठं घ्या?"

परत आल्यावर ते कोल्ड स्टोरेजमध्ये फिरकले नाहीत. जानेवारीत इथे खरी थंडी पडली तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. पलंगावर उशांना टेकून बसले होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. खिडकीपाशी खुंटा होता आणि त्यावर ससाणी. त्यांनी बोटाने कपाटाकडे दाखवलं आणि मुलाने ते जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. त्याला ओल्या गवताचा वास होता. आत, छातीच्या जागी, अस्तराला एक छोटं करडं पीस चिकटलेलं होतं.

"घाल," अर्बाब म्हणाले.

मी घातलं. मी त्यांच्यापेक्षा बराच बुटका, त्यामुळे बाह्यांतून माझी बोटंही दिसेनात. मुलगा हसला. अर्बाबनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, दुकानातून आणलेला शर्ट मुलाच्या अंगावर वडील बघतात तसं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ठेव. वाढशील अजून."

माझी पन्नाशी उलटली आहे. असं म्हणणारं माणूस माझ्या घरी आता कुणी उरलेलं नाही. मला रडू आवरेना, आणि डोळे पुसायला हात वर केला तर हाताऐवजी नुसती बाहीच आली.