घागरीच्या गळ्यात अडकलेला हात
सूनबाई चिंचेने तांब्याची घागर घासू लागली की त्या आंबूस वासाबरोबर मला पस्तीस-छत्तीस सालची नाशकातली आमची तालीम आठवते, ताक-तेलात मळलेल्या लाल मातीची. तिथे एक तांबट रोज सकाळी यायचा आणि मुद्गलांची तीच जोडी तेवढ्याच वेळा फिरवून निघून जायचा. मी तेव्हा विशीतला, दर आठवड्याला सुतळीने दंडाचा घेर मोजणारा. एकदा न राहवून विचारलं, "तुम्ही जड जोडी का घेत नाही?" तो म्हणाला, "दुकानावर ये, दाखवतो." तिथे त्याने पोचा पडलेली एक घागर माझ्यापुढे ठेवली. "हात घाल, आणि हा पोचा आतून दाबून काढ." मी हिसका देऊन हात घातला, तो दंडाशी असा अडकला की पुढे जाईना आणि मागेही येईना. त्याने गोडेतेल ओतून तो सोडवला, मग स्वतःचा हात अलगद आत नेला आणि एका दाबात तांबं टणकन सरळ केलं. "ताकद राखायलाच हवी. पण हात या गळ्यापेक्षा जाड झाला तर खाऊ काय?" आज म्हातारपणी वाळलेला माझा हात कुठल्याही घागरीत सहज जातो. सूनबाईने दाखवलेला पोचा मात्र जागचा हलत नाही.