गाठोडी ट्रकमध्ये, माणसं पायी

उस्तादांच्या ट्रकमध्ये लोकांची गाठोडी बसत आणि लोक मागून पायी येत. आलापल्लीहून अहेरीकडे जाताना रस्त्यात कोणी दिसलं की ट्रक थांबे, उस्ताद गाठोडं आत घेत आणि गाठोड्याच्या धन्याला चालायला सांगत. एकदा मी मोजलं होतं : एकोणीस गाठोडी, दोन कोंबड्या आणि एक पाळणा. अहेरीतल्या एका किराणा दुकानाच्या ओट्यावर ते सगळं उतरवून ठेवलेलं असे. तीन वर्षांत एक छत्री तेवढी हरवली, तीही पुढे सीटखाली सापडली.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. उस्ताद चांद्याचे, एका लाकूड-ठेकेदाराचा ट्रक चालवत. मी त्याच ठेकेदाराकडे कारकून होतो. पूर्वी उस्ताद माणसंही घेत. आमच्या जंगलात बस क्वचित दिसे, त्यामुळे सगळेच ट्रकवाले माणसं घेत आणि आमचे शिपाई तिकडे पाहत नसत. पण सिरोंच्याला नदी ओलांडली की हैदराबाद राज्य लागे. तिथे एकदा उस्तादांच्या ट्रकमध्ये सागाच्या ओंडक्यांवर अकरा माणसं बसलेली सापडली. दंड झालाच, शिवाय लायसनवर कोर्टाचा शेरा पडला.

दंडाचं उस्तादांना काही वाटलं नाही, शेरा मात्र मनाला लागला. त्यांना सरकारी बसवर ड्रायव्हर व्हायचं होतं आणि तिथे कोरं लायसन मागत. तीन वर्षं दुसरा शेरा पडला नाही, तर नवं कोरं लायसन मिळायचं. पडला, तर बस राहिलीच, विमा कंपनी हरकत घेणार आणि हातातला ट्रकही जाणार. म्हणून त्यांनी माणसं घेणं बंद केलं. "मालाची गाडी हाये, माल नेईन," ते सांगत. "माणूस काई माल नाई."

मधल्या काळात राज्यांची फेररचना झाली, हैदराबाद राज्य संपलं. त्याच सुमारास विम्याचा फॉर्म भरायची वेळ आली. ड्रायव्हरला कधी शिक्षा झाली आहे काय, असा त्यात प्रश्न होता.

"नाई लिवा," मालक म्हणाले. "ते राज्यच गेलं. त्याचा शेरा आता कोन पायते?"

उस्ताद दारात उभे होते. "राज्य गेलं शेटजी, पन लायसन तं माह्या खिशातच हाये ना. बाबूजी, हो लिवा."

मी 'हो' लिहिलं. कंपनीने हप्ता वाढवला. मालक महिनाभर उस्तादांशी धड बोलले नाहीत, पण ट्रक त्यांनी काढून घेतला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि पत्नी अहेरीला लग्नाला निघालो होतो. बस चुकली. तेवढ्यात उस्तादांचा ट्रक आला. मी हक्काने पेटी वर दिली आणि पायरीवर पाय ठेवला.

"उतरा, बाबूजी."

"अहो, आमच्याच मालकाचा ट्रक!"

"फारम कोनं भरलं? तुमीच ना? मंग तुमालेच कायदा समजावू काय?" आणि पत्नीकडे वळून म्हणाले, "बाई, माफी करजा. आठ महिने राह्यले फक्त."

पाच मैल आम्ही उन्हातून चाललो. "तुमच्या अक्षराचा केवढा मान ठेवला!" एवढं एकच वाक्य पत्नी वाटभर बोलली, ते मात्र चार वेळा. पेटी ओट्यावर आमची वाट पाहत होती, वर ओलं फडकं टाकलेली. आत लग्नाचे पेढे आहेत हे त्यांनी वासावरून ओळखलं असावं.

आठ महिने निभले. कोरं लायसन आलं त्या दिवशी उस्तादांनी ते मला दाखवलं. "पान पाह्यजा, बाबूजी. काईच नाई लिवलं!" ते हसत म्हणाले. मी दोन्ही बाजू तपासल्या. खरंच काही नव्हतं.

पावसाळ्यानंतर ते बसवर रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या बसमध्ये होतो. वाटेत एका म्हातारीने हात केला. बस थांबताच तिने सवयीने गाठोडं उस्तादांच्या खिडकीतून आत दिलं आणि मुकाट्याने चालू लागली.

उस्ताद इंजिन बंद करून खाली उतरले, धावत तिच्यापुढे गेले.

"अवो बाई, चालल्या कुठी? आता तुमीबी बसा ना!"

म्हातारीने बसकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काऊन रे? गठुडं जड झालं काय तुले?"